मोंत्रोचा कागद आणि भाड्याची बंदूक

जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या मोंत्रो शहरात सप्टेंबर 2008 मध्ये 17 देशांनी एका दस्तऐवजाला मान्यता दिली. खासगी लष्करी आणि सुरक्षा कंपन्यांना युद्धाचे कोणते नियम लागू होतात, हे त्यात मांडलं आहे. त्या देशांत अमेरिका आणि ब्रिटन होते, तसे इराक आणि अफगाणिस्तानही होते. म्हणजे बंदूकधारी भाड्याने घेणारेही आणि ज्यांच्या रस्त्यांवर ते फिरले तेही. स्विस सरकार आणि रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांचा हा उपक्रम. पहिल्या भागात आधीपासूनच लागू असलेल्या कायदेशीर जबाबदाऱ्यांची 27 विधानं, दुसऱ्यात 73 चांगल्या कार्यपद्धती. हा करार नाही, यातून नवं बंधन निर्माण होत नाही, हे दस्तऐवजातच सांगून टाकलं आहे. त्यामुळे ‘दात नसलेला कागद’ म्हणून त्याची बोळवण करणं सोपं जातं. पण इराक युद्धाच्या काळात या कंपन्या कायद्याच्या पोकळीत वावरतात असं सर्रास बोललं जाई, आणि पोकळी म्हटली की कंपनी, तिला पैसे देणारं सरकार, दोघंही हात झटकायला मोकळे. मोंत्रोने ही सबब काढून घेतली. कायदा आहे, तो गुन्ह्यापर्यंत पोहोचण्याआधी अडतो, आणि अडतो तो बहुतेक वेळा कंत्राट देणाऱ्या सरकारच्याच दारात.

पोकळीचा समज रुजण्यात जिनिव्हा करारांच्या 1977 मधल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम 47 चा वाटा मोठा आहे. भाडोत्री सैनिकाची ही व्याख्या म्हणजे विलक्षण हट्टी यंत्र आहे. माणूस खास लढण्यासाठी भरती केलेला हवा. तो प्रत्यक्ष लढाईत उतरलेला हवा. त्याचा मुख्य हेतू पैसा हवा, आणि त्याला कबूल केलेला मोबदला त्याच हुद्द्याच्या सैनिकापेक्षा बराच जास्त हवा. तो युद्ध करणाऱ्या कोणत्याही पक्षाचा नागरिक किंवा तिथला रहिवासी नसावा. त्या पक्षांच्या सैन्यात नसावा. आणि तिसऱ्या देशाने आपला सैनिक म्हणून सरकारी कामावर पाठवलेलाही नसावा. सहाही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. बगदादमधला अमेरिकी रक्षक नागरिकत्वाच्या अटीवर सुटतो. दूतावासाच्या फाटकावर उभा असलेला नेपाळी रक्षक लढण्यासाठी भरती झालेलाच नाही, म्हणून सुटतो. हेतू पैशाचाच होता हे सिद्ध करणं तर कोणत्याही वकिलाला नकोसं वाटेल. महादजी शिंद्यांच्या फौजेत रीतसर दाखल झालेला युरोपीय सेनानी द बॉयनही पाचव्या अटीवर सुटला असता! आणि एवढं करून कुणी सापडलाच, तरी हे कलम त्याचा फक्त लढवय्याचा आणि युद्धकैद्याचा हक्क काढून घेतं. शिक्षा सांगत नाही. अमेरिका आणि भारत यांनी तर हा प्रोटोकॉल स्वीकारलेलाच नाही.

मात्र या व्याख्येत न बसणारा माणूस कायद्याबाहेर जात नाही, आणि मोंत्रोचा भर नेमका इथे आहे. सैन्यात सामील नसलेला कंत्राटी रक्षक बहुधा नागरिक ठरतो. त्याच्यावर हल्ला करता येत नाही, पण तो स्वतः लढाईत उतरला तर तेवढ्या काळापुरतं हे संरक्षण जातं. युद्धगुन्ह्याची जबाबदारी मात्र गणवेश असो वा नसो, कायम राहते. काही कामं तर भाड्याने देताच येत नाहीत: तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्यांची छावणी नियमित सैन्यातल्या जबाबदार अधिकाऱ्याच्याच थेट ताब्यात असावी लागते. दस्तऐवज कंत्राट देणारा देश, काम जिथे चालतं तो देश आणि कंपनीचा मायदेश यांची कर्तव्यं वेगवेगळी सांगतो. रशिया त्या 17 देशांत नव्हता, मग वॅग्नरसारख्या रशियन भाडोत्री कंपन्यांचं काय, असा आक्षेप येतो. पण रशियाच्या दंडसंहितेतही भाडोत्री सैनिकी हा गुन्हा आहे, आणि वॅग्नरचा पूर्ण खर्च सरकारने केला हे पुतिन यांनी जून 2023 मध्ये स्वतःच सांगितलं. तिथेही उणीव कायद्याची नव्हती.

अंमलबजावणीची गोष्ट निघाली की मोंत्रोचं कौतुक आवरतं घ्यावं लागतं. 16 सप्टेंबर 2007 रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात, इराकी सरकारच्या मोजणीनुसार, 17 नागरिक मारले गेले. इराकी न्यायालयाला हात लावता येईना, कारण अमेरिकेच्या ताब्यातल्या हंगामी प्रशासनाच्या आदेश क्रमांक 17 ने परदेशी कंत्राटदारांना आधीच अभय दिलं होतं. राहिली अमेरिकी न्यायालयं. परदेशातल्या गुन्ह्यांबाबतचा तिथला 2000 सालचा कायदा संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांसाठी होता, 2004 मध्ये तो त्या खात्याच्या मोहिमेला मदत करणाऱ्या इतरांपर्यंत वाढवला गेला. हे रक्षक तर परराष्ट्र खात्याचे. त्यामुळे तो त्यांना लागू होतो की नाही, यावरच बचाव उभा राहिला. त्यातच रक्षकांकडून सक्तीने घेतलेल्या जबाबांचा वापर झाल्याने 2009 च्या अखेरीस आरोप रद्द झाले, 2011 मध्ये ते पुन्हा उभे राहिले, आणि 2014 मध्ये चौघे दोषी ठरले. शेवटी न्याय झालाच की, असं कुणी म्हणेल. 22 डिसेंबर 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. माफी राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारातली, तिला मोंत्रोचा कागद काय करणार. पण कायदा लागू आहे का, या वादाला तरी जागा राहायला नको होती. परराष्ट्र खात्यासह सर्व सरकारी खात्यांच्या कंत्राटदारांना स्पष्टपणे कक्षेत आणणारं विधेयक 2010 पासून अमेरिकी काँग्रेससमोर एकापेक्षा अधिक वेळा आलं. त्याचा कायदा झाला नाही.