दिवाणाची वंशावळ

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, कनेरगाव नाका हे गाव आहे. त्याच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द आजच्या प्रवाशाला गाडीच्या थांब्यापुरताच वाटत असला, तरी निजामाच्या अमलाखालील मराठवाडा आणि इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड यांच्यामधली सरहद्द याच मुलखातून जात होती, त्या काळाची ती खूण आहे. हैदराबाद संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणाऱ्या खात्यास 'करोडगिरी' म्हणत. कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात १८०२ साली झालेल्या व्यापारी तहाने या जकातीचा दर शेकडा ५ ठरला होता, आणि सरहद्दीवरच्या वाटांवर तिच्या वसुलीचे नाके बसलेले असत. आज याच गावात कोणाच्या घरी जावे, तर पाहुण्याला 'बसा' म्हणून जी वस्तू दाखविली जाते, ती बहुधा भिंतीला लावलेला, गादी आणि लोड घातलेला दिवाण असते. जकातीचा नाका आणि बैठकीचा दिवाण यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील; परंतु फ्रेंच भाषेत जकातखात्याला 'दुआन', इटालियन भाषेत 'दोगाना' आणि स्पॅनिशमध्ये 'आदुआना' म्हणतात, आणि हे तिन्ही शब्द 'दिवाण' या एकाच शब्दाची रूपांतरे आहेत, हे कळले म्हणजे या शब्दाचा पसारा केवढा असेल याची कल्पना येऊ लागते.

इंग्रजांच्या घरात 'डिव्हॅन' म्हणजे पाठ आणि हात नसलेला बैठा कोच, किंवा अशाच आकाराचा पलंग. इंग्रजी भाषेत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो मात्र आसन म्हणून आला नाही. तुर्की सुलतानाची मंत्रिसभा, एवढाच त्याचा तेव्हाचा अर्थ होता. सभेचे नाव बैठकीला पुढे मिळाले. म्हणजे ज्या अर्थाने आज जगभर हा शब्द दुकानांतून विकला जातो, तो त्याचा सर्वांत धाकटा अर्थ होय, आणि थोरल्या अर्थांचा शोध घ्यावयाचा तर फारच मागे, मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांपर्यंत जावे लागते.

सुमेरी लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उमटवीत आणि त्या पाटीला 'डुब' म्हणत. अक्कादी भाषेत त्याचे 'तुप्पु' झाले, आणि एलामी भाषेच्या द्वारे तो शब्द प्राचीन इराणी भाषेत 'दिपि' या रूपाने शिरला. सम्राट दारियसाच्या बेहिस्तून येथील प्रस्तरलेखात हा 'दिपि' शब्द लेख या अर्थाने कोरलेला आहे. आपल्या वाचकास विशेष वाटावे ते असे, की अशोकाच्या शिलालेखांपैकी वायव्येकडील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेखांतही 'दिपि' हाच शब्द आहे, आणि इतरत्र त्याच ठिकाणी 'लिपि' आहे. आपली 'लिपी' ही या 'दिपी'चीच बहीण, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. लेख ठेवण्याचे स्थान, म्हणजे दप्तरखाना, या अर्थाच्या प्राचीन इराणी सामासिक शब्दापासून 'दीवान' झाला, आणि लेख लिहिणारा तो 'दबीर'. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणाऱ्या सुमंताचे जुने नाव 'डबीर' होते, हे आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु डबीर आणि दिवाण एकाच कुळातले, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो.

या शब्दाविषयी एक आख्यायिका अरबी ग्रंथकारांनी नमूद केली आहे. इराणचा बादशहा एकदा आपल्या कारकुनांच्या कचेरीत गेला, तेथे तोंडातल्या तोंडात पुटपुटत आकडेमोड करणारी माणसे त्याला दिसली, आणि ही सारी 'दीवाने', म्हणजे झपाटलेली, आहेत, असे तो उद्गारला. तेव्हापासून त्या जागेला दीवान हे नाव पडले. कथा रोचक आहे, जमाबंदीच्या दिवसांत तलाठ्याची कचेरी ज्याने पाहिली आहे त्याला ती खरीही वाटेल. परंतु 'दीवाना' हा शब्द 'देव', म्हणजे फारसी अर्थाने पिशाच्च, यावरून आलेला आहे, आणि त्याचा दप्तराशी काही संबंध नाही.

इस्लामच्या आरंभकाळी खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनांची आणि नेमणुकांची जी नोंदवही सुरू केली, तिला दीवान म्हणत. नोंदवही, मग ती ठेवणारे खाते, मग त्या खात्याची इमारत, मग त्याचा मुख्य अधिकारी, अशा पायऱ्यांनी शब्द पुढे सरकत गेला. एक फाटा काव्याकडे वळला: कवीच्या गझला यमकाच्या अंत्याक्षरानुसार लावून केलेल्या संग्रहालाही दीवानच म्हणू लागले, कारण तीही एक सुव्यवस्थित नोंदच होती. हाफिजाचा दीवान जर्मन कवी गटे याच्या हाती पडला आणि १८१९ साली त्याने आपल्या काव्यसंग्रहाच्या नावातच हा शब्द घेतला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण मराठवाड्याच्या वाचकाने त्याआधी आपल्याच औरंगाबादच्या वलीचे स्मरण करावे. त्याचा दीवान १७२० च्या सुमारास दिल्लीस पोहोचला, आणि फारसीतच कविता करणे हे प्रतिष्ठेचे मानणाऱ्या तिथल्या कवींना दख्खनच्या या बोलीत केवढे सामर्थ्य आहे, ते प्रथम उमगले. उर्दू कवितेच्या दिल्लीतील उत्कर्षाचा आरंभ आमच्या मुलखातून गेलेल्या एका वहीने व्हावा, ही मला अत्यंत अभिमानाची गोष्ट वाटते.

दुसरा फाटा समुद्रावरून गेला. सिसिलीत अरबांचे राज्य नॉर्मन राजांनी घेतले तरी हिशेबाची खाती तशीच चालू ठेवली, आणि बंदरात उतरणाऱ्या मालाची नोंद व वसुली करणाऱ्या त्या खात्याच्या नावातूनच इटलीची दोगाना आणि फ्रान्सची दुआन निघाली. तिसरा फाटा तुर्कस्तानातला. तेथील मंत्रिसभेच्या दालनात भिंतीलगत रुंद, बैठ्या ओट्यांवर गाद्या घालून वजीर बसत. सभेचे नाव दालनाला, दालनाचे नाव त्या गाद्यांच्या ओट्याला, असे झाले. युरोपात तुर्की थाटाची आवड पसरली तशी ती बैठक श्रीमंतांच्या घरांत गेली, आणि लंडनमध्ये तर सिगार ओढीत बुद्धिबळ खेळण्याच्या जागांनाच 'सिगार डिव्हॅन' म्हणू लागले. स्ट्रँड रस्त्यावरची सिम्प्सनची खाणावळ १८२८ साली अशीच सुरू झाली.

आपल्याकडे हा शब्द थेट राज्यकारभारातून आला. मराठी दप्तरांत 'दिवाण' म्हणजे कधी कारभारी, तर कधी साक्षात सरकार. सरकारची बाकी ती 'दिवाणदेणे'. मराठेशाहीच्या दरखदारांत मुजुमदार, फडणीस, सबनीस यांच्या बरोबरीने दिवाणाचे नाव येते. वाड्यातील ज्या दालनात तो लोकांना भेटे, कागद वाची, हुकूम देई, तो दिवाणखाना; वाड्यांची घरे झाली, कारभार गेला, तरी पुढच्या खोलीचे ते नाव मराठी घराने सोडले नाही. लाकडी आसन या अर्थी दिवाण मात्र जुन्या कागदांत भेटत नाही, आणि तो अर्थ विलायती दुकानदारीच्या वाटेने अलीकडे आला असावा, असे मला वाटते. तसे असल्यास एकच शब्द आपल्या घरात दोन दारांनी आला आहे.

हैदराबाद संस्थानात तर दिवाण हेच राज्याचे चाक होते. २१ मे १८५३ रोजी कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, आणि वाशीमकडची बाजू परक्या अमलाखाली जाऊन कनेरगावच्या परिसरास सरहद्दीचे रूप आले. त्या तहानंतर थोड्याच दिवसांत दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचा पुतण्या, पुढे पहिले सालारजंग म्हणून विख्यात झालेला, अवघ्या २४ व्या वर्षी दिवाणपदावर आला. १८८३ साली मृत्यू येईपर्यंत तो त्या पदावर होता. १८६५ ची जिल्हाबंदी, खात्यांची नवी मांडणी, पगारी अधिकाऱ्यांकडून वसुली, ही सारी त्याची कामगिरी. राज्यातील जमीनही या शब्दाने विभागली गेली: निजामाच्या खासगी खर्चाची ती सर्फ-ए-खास, सरदारांची ती जहागीर आणि पायगा, आणि दिवाणाच्या सरकारकडे सारा भरणारी ती 'दिवाणी'. कूळ कोणत्या मुलखात राहते यावर त्याने दाद कोणाकडे मागावी, हे ठरे. सालारजंगांच्या राहत्या वाड्याचे नावही 'दिवाण देवडी', आणि त्यांच्या घराण्याच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय १९५१ साली प्रथम उघडले ते तेथेच.

कोर्टातली 'दिवाणी' हीदेखील वसुलीचीच लेक आहे. १२ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबाद येथे बादशहा शाहआलमने कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसा या सुभ्यांची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, दिला; ज्याच्याकडे महसूल त्याच्याकडेच जमीन-जुमला, वारसा आणि देण्याघेण्याचे तंटे, हा मोगली रिवाज होता. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी वेगळी न्यायालये स्थापिली तेव्हा पहिल्यावर महसूल गोळा करणारा कलेक्टरच बसविला. महसुलाचा तो दुवा पुढे तुटला, नाव उरले, आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेपासून तालुक्याच्या 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' या पाटीपर्यंत सर्वत्र ते रुजून बसले.

गावाकडचा सुतार आज जो दिवाण करतो तो पेटीचा असतो: सागवानी किंवा साधी चौकट, वर प्लायवूडच्या दोन फळ्या, बिजागऱ्या, फळी उचलायला एक कडी. गादी बाजूला सारून फळी उचलली की खाली गोधड्या, लग्नात आलेली भांडी, आणि एका कोपऱ्यात कापडात बांधलेले कागद: सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, वाटणीपत्र, आणि बांधावरून भाऊबंदकी झालेली असल्यास दाव्याची अर्जी व तारखांच्या चिठ्ठ्या. ज्या शब्दाचा पहिला अर्थच लेख ठेवण्याची जागा असा होता, त्या नावाच्या पेटीत शेतकरी आपले लेख ठेवतो, आणि त्या लेखांवरून जो दावा चालतो तोही दिवाणीच. इंग्रजाला या शब्दाची एक गादी आणि कवितेचे थोडे कौतुक मिळाले; आपल्या भाषेत वही, कचेरी, अधिकारी, दालन, दावा आणि आसन ही त्याची सारी पिढी आजही एकत्र नांदते. १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाली, जहागिऱ्या बरखास्त झाल्या, आणि एकच साऱ्याची जमीन राहिल्यावर 'दिवाणी गाव' म्हणण्याचे कारण सरले. आता दिवाणी म्हटले की हिंगोलीच्या कोर्टातला मुकदमाच समजतात.