लाल इंजेक्शनातला कोबाल्ट

"डॉक्टर, ते लाल इंजेक्शन द्या, अंगात ताकदच राहिली नाही," ही मागणी दवाखान्यात नेहमीची. ते लाल औषध म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एकच अणू असतो. जीवनसत्त्वांत धातू असलेले हे एकटेच.

१९४८ साली त्याचे लाल स्फटिक हाती आले. त्यापूर्वी घातक पांडुरोगाच्या रोग्यांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खावे लागे! कोबाल्टभोवती उरलेले १८० अणू कसे रचले आहेत, हे ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन (१९१०-१९९४) यांनी १९५६ पर्यंत उलगडले. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर उमटलेले ठिपके मोजायचे आणि हिशेब करीत बसायचे, असे ते काम. तरुणपणीच बाईंच्या हातांना संधिवाताने ग्रासले होते. तरी काम सुटले नाही. १९६४ साली त्यांना नोबेल मिळाले.

मधुमेहींनी तर या बाईंचे नाव लक्षात ठेवावे. इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. रचना उमगली १९६९ मध्ये. चौतीस वर्षे! स्फटिकात इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती बांधलेले दिसले. बाटलीतल्या साध्या इन्शुलिनमध्येही बहुतेक रेणू असेच सहा-सहाच्या गटाने असतात. टोचल्यावर ते सुटे व्हायला वेळ लागतो, म्हणून हे इन्शुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचे. पानावर बसून सुई टोचणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. (नवी जलद इन्शुलिने लवकर सुटी होतात, त्यांची वेळ वेगळी.)

आता पुन्हा बी-१२ कडे. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण भाजी-भाकरीत ते नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी पडू शकते. तळपायाला मुंग्या आल्या की "साखरेमुळे असेल" म्हणून मधुमेही गप्प बसतात. काही जण दुकानातून फोलिक अॅसिड आणतात. त्याने रक्त सुधारलेले दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते आणि फार उशीर झाल्यास ती पूर्ण भरून येत नाही.

तेव्हा लाल इंजेक्शन मागण्याआधी रक्त तपासायला द्या. टोचून घेतल्यावर दिलेल्या नमुन्यात आकडा फुगलेलाच येतो, आणि मूळची कमतरता होती की नव्हती, हे सांगणे अवघड होऊन बसते.