बेलफास्टचा प्रश्न, डब्लिनचे उत्तर

घरात साखरेच्या चौकोनी वड्या असतील तर त्यांतल्या आठ घेऊन बसा. मुलांनाही जवळ बोलवा. प्रत्येक वडीची बाजू एक सेंटिमीटर आहे असे धरू. वडीला सहा पृष्ठे, म्हणून पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आठ सुट्या वड्यांचे ४८. आता त्याच वड्या जोडून दोन सेंटिमीटर बाजूचा एक घन रचा. साखर तेवढीच, घनफळ ८ घन सेंटिमीटर. पण पृष्ठफळ उरते २४, नेमके निम्मे! म्हणूनच साखरेचा मोठा खडा चहात उशिरा विरघळतो.

आता प्रश्न थोडा फिरवू. एखादी जागा सारख्या घनफळाच्या खोल्यांत वाटायची आहे, मध्ये फट राहता कामा नये आणि भिंती कमीत कमी लागाव्यात. खोलीचा आकार कोणता घ्यावा? प्रत्येक खोलीचे घनफळ १ धरले, तर घनाचे पृष्ठफळ ६ होते. गोलाचे सुमारे ४.८४ च, पण गोल एकमेकांना चिकटून बसत नाहीत, फटी राहतात.

हा प्रश्न १८८७ साली लॉर्ड केल्व्हिन यांनी मांडला. त्यांचा जन्म १८२४ सालचा, आयर्लंड बेटावरील बेलफास्टचा. पुढचे आयुष्य मात्र ग्लासगोत गेले. त्यांनीच उत्तरही दिले : सहा चौकोनी व आठ षटकोनी, अशी चौदा पृष्ठांची किंचित वक्र खोली. पृष्ठफळ सुमारे ५.३१. याहून चांगला आकार नाही हे कोणी सिद्ध केले नव्हते; पण एवढ्या थोर माणसापुढे बोलणार कोण? शंभरावर वर्षे तेच उत्तर चालले.

१९९३ साली त्याच बेटावर, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, भौतिकशास्त्रज्ञ डेनिस वेअर आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट फेलन यांनी संगणकावर हिशेब मांडला. साऱ्या खोल्या एकाच आकाराच्या हव्यात हा हट्ट त्यांनी सोडला. घनफळ सारखे, पण आकार दोन : एक बारा पंचकोनांचा, दुसरा बारा पंचकोन व दोन षटकोनांचा. दर आठ खोल्यांत पहिल्या प्रकारच्या दोन, दुसऱ्या प्रकारच्या सहा. सरासरी पृष्ठफळ सुमारे ५.२९. बचत जेमतेम ०.३ टक्के, तरी केल्व्हिनसाहेबांचे उत्तर मागे पडले.

गंमत अशी की २००८ च्या ऑलिम्पिकसाठी बीजिंगमध्ये बांधलेल्या जलतरणगृहाचा सांगाडा याच रचनेवरून घेतला आहे. बुडबुड्यांनी भरलेल्या त्या पेटीसारख्या इमारतीला लोक ‘पाण्याचा घन’ म्हणतात!

आपल्या बादलीतल्या साबणाच्या फेसात मात्र ही रचना आपोआप जमत नाही. खास आकाराच्या भांड्यात सारख्या मापाचे बुडबुडे सोडून खरा फेस तसा रचायला २०१२ साल उजाडले. आणि याहूनही कमी भिंतींत काम भागेल का? तसा आकार अजून कोणाला सापडलेला नाही, आणि तो नाहीच असेही कोणी सिद्ध केलेले नाही.