साखर आटोक्यात आली, तरी डोळे का बिघडले?



मधुमेह आणि डोळे या विषयावर पेपर्सची कमी नाही. पण रिसर्चची तयारी करत असाल तर एक पेपर सावकाश वाचा: १९९३ साली प्रसिद्ध झालेला 'डीसीसीटी' या ट्रायलचा. अभ्यास किती काळ चालवायचा, हे त्यातून फार चांगलं कळतं.

आधी आजार समजून घेऊया

डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, अतिशय बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांवर सूक्ष्म फुगे येतात, रक्त आणि द्रव झिरपतो. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि त्यांच्या जागी नव्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून सहज रक्तस्राव होतो. हीच डायबेटिक रेटिनोपॅथी.

गंमत म्हणा किंवा धोका म्हणा, पडद्याच्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत किंवा मोठा रक्तस्राव होईपर्यंत माणसाला बहुतेक वेळा स्वच्छ दिसत असतं. त्यामुळे 'मला नीट दिसतंय' हा पुरावा होत नाही.

ट्रायल काय होती?

अमेरिका आणि कॅनडातले टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला तेव्हाचे नेहमीचे उपचार, म्हणजे दिवसाला एक-दोन इन्सुलिन इंजेक्शनं. दुसऱ्याला तीन किंवा जास्त इंजेक्शनं अथवा पंप, आणि वारंवार साखरेची तपासणी. एचबीए१सी पहिल्या गटात ९ च्या आसपास राहिलं, दुसऱ्यात ७ च्या. दर सहा महिन्यांनी पडद्याचे फोटो काढले. फोटो वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला आहे हे माहीत नव्हतं.

आता खरी गोष्ट

ज्यांना सुरुवातीलाच थोडी रेटिनोपॅथी होती, त्यांच्यात पहिल्या वर्षी कडक उपचारांच्या गटाचेच डोळे जास्त बिघडले! एका वर्षाचा प्रोजेक्ट असता तर निष्कर्ष काय निघाला असता? 'साखर कमी करणं डोळ्यांना घातक.'

पण ट्रायल सरासरी साडेसहा वर्षं चालली. साधारण तीन वर्षांनंतर चित्र उलटलं. शेवटी या रुग्णांत आजार वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना सुरुवातीला रेटिनोपॅथी नव्हतीच, त्यांच्यात ती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. किंमतही होती: साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग या गटात जवळपास तिप्पट झाले. तेही त्याच पेपरमध्ये लिहिलंय. चांगला पेपर असाच असतो.

यातून काय घ्यायचं?

- प्रपोजल लिहिताना कालावधी फेलोशिपच्या मुदतीवरून ठरवू नका. आजार किती हळू चालतो ते आधी बघा.
- काय मोजलंय ते तपासा. इथे 'अंधत्व' नाही, तर फोटोंवरून ठरवलेल्या टप्प्यांतला बदल मोजला.
- निष्कर्ष कोणाला लागू होतो ते विचारा. हे रुग्ण टाइप १ चे होते. टाइप २ साठी 'यूकेपीडीएस' वाचा. रक्तदाब आटोक्यात ठेवल्यानेही रेटिनोपॅथीचा वेग कमी होतो, हे त्यात १९९८ साली दिसलं.

आणि घरच्यांसाठी

टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पडद्याची तपासणी करावी. पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तशी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. यात बऱ्याचदा थेंब घालून बाहुली मोठी करतात. खूप वर्षं वाढलेली साखर झपाट्याने खाली आणायची असेल, तर आधी पडदा दाखवून घ्या. पण पहिल्या वर्षाच्या आकड्याला घाबरून औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. पुढच्या पाच वर्षांचा आकडाही आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या वेळी एखादा रिझल्ट उलटा आला, तर आधी स्वतःला विचारा: आपण थांबलो कधी?