महाविद्यालयीन अभिप्राय-सर्वेक्षणे : विभागनिहाय नमुन्यांच्या मागण्यांचे व्यवस्थापन

प्रस्तावना :
राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची (नॅक) स्थापना 1994 मध्ये झाली आणि उच्च शिक्षणात अभिप्राय-संकलनास औपचारिक स्थान प्राप्त झाले. 2017 च्या सुधारित मूल्यांकन चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाल्याने हे महत्त्व अधिकच वाढले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ (स्थापना 1923) नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेले आहे. अशा विद्यापीठात, तसेच त्याच्याशी संलग्न मोठ्या महाविद्यालयांत, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे एक मागणी वारंवार येते. ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना, रोजगार मार्गदर्शन कक्ष व प्रत्येक अध्यापन विभाग यांना स्वतःचे बोधचिन्ह, स्वतःचा शीर्षभाग आणि स्वतःचे प्रश्न असलेली प्रश्नावली हवी असते. या मागण्यांची हाताळणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मागणीचे स्वरूप :
या मागणीमागे केवळ हौस असते असे नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेविषयीचा प्रश्न मराठी विभागास गैरलागू ठरतो, तर ग्रंथालयास देवघेवीच्या वेळा व संदर्भसेवा यांविषयी विचारावयाचे असते. म्हणून मागणीचे तीन घटक वेगळे केले पाहिजेत : बाह्यरूप (बोधचिन्ह, रंग, शीर्षक), आशय (प्रश्न) आणि मापनश्रेणी. बाह्यरूपातील बदल बहुधा निरुपद्रवी असतो, आशयातील बदल तपासणीनंतर स्वीकारता येतो. मापनश्रेणीतील बदल मात्र संपूर्ण तुलनाच निरर्थक करतो.

मापनश्रेणीचा प्रश्न :
लायकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली पंचबिंदू श्रेणी आपल्याकडे सर्रास वापरली जाते. अनेक प्रश्नावल्यांत ती 1 ते 5 अशी असते. नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात मात्र ती 0 ते 4 अशी होती. दोन्हींत पर्याय पाचच. परंतु 3 ही सरासरी पहिल्या श्रेणीत मध्यबिंदू दर्शविते, तर दुसऱ्या श्रेणीत कमालीच्या तीन-चतुर्थांश. एखाद्या विभागाने ‘उत्तम’ला 5 ऐवजी 1 अंक दिल्यास 4.2 ही सरासरी 1.8 होते. असे आकडे एकाच तक्त्यात मांडले गेल्यास चांगले शिकविणाऱ्या अध्यापकावर विनाकारण ठपका येऊ शकतो. 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने प्रमाणित अनुसूची व समान व्याख्यांवर भर दिला, तो याच कारणास्तव. राज्याराज्यांची तुलना त्यामुळेच शक्य झाली.

बोधचिन्ह व विश्वास :
बोधचिन्ह ही केवळ सजावट नव्हे. माहिती कोण मागत आहे, हे ते सांगते. प्रश्नावलीवर विभागाचे नाव ठळक असल्यास आपले उत्तर थेट विभागप्रमुखांच्या हाती पडेल अशी शंका विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आठ विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर वर्गात लिंग, प्रवर्ग व गाव विचारले की नाव न लिहिताही ओळख उघड होते. अंतर्गत गुणांची टांगती तलवार असताना असा विद्यार्थी ‘उत्तम’ यापलीकडे काही लिहिणार नाही. वैयक्तिक माहिती ज्या हेतूने घेतली त्या हेतूपुरतीच वापरावी, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे सूत्रही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

व्यवस्थापनाची रूपरेषा :
1. प्रत्येक मागणी लेखी असावी. हेतू, उत्तरदाते, कालावधी आणि निष्कर्षांवर कोण कार्यवाही करणार, हे तीत नमूद असावे. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर नसल्यास सर्वेक्षण घेऊ नये.
2. दहा-बारा समान प्रश्नांचा गाभा सर्वांसाठी अपरिवर्तनीय ठेवावा. त्यास विभागाचे चार-पाच प्रश्न जोडण्याची मुभा असावी.
3. संस्थेचे बोधचिन्ह प्रथम व विभागाचे नाव त्याखाली, असे दोन-तीन तयार आराखडे द्यावेत. त्यामुळे दर वेळी नवी मांडणी करण्याचे श्रम वाचतात.
4. मराठी व इंग्रजी पाठ एकत्र तपासावेत. ‘अध्यापन व मूल्यमापन समाधानकारक आहे काय?’ यांसारखे दुहेरी प्रश्न वगळावेत.
5. सत्रनिहाय वेळापत्रक ठेवावे. एकाच आठवड्यात चार प्रश्नावल्या आल्यास विद्यार्थी न वाचताच एका रकान्यात खुणा करीत जातो.
6. नकार द्यावयाचा झाल्यास कारण लेखी कळवावे आणि पर्याय सुचवावा.

समारोप :
सरसकट परवानगीने विदेची विश्वासार्हता जाते. सरसकट नकाराने विभाग परस्पर प्रश्नावल्या काढू लागतात आणि कक्षास त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणून बाह्यरूपात उदारता, आशयात विवेक व मापनश्रेणीत काटेकोरपणा हे धोरण इष्ट ठरते. विद्यार्थी देतो तो वेळ व दाखवितो तो प्रामाणिकपणा हीच सर्वेक्षणाची खरी पुंजी होय. तिचा अपव्यय झाल्यास कितीही देखणी प्रश्नावली ती भरून काढू शकणार नाही.