बेस छातीत नको, कानात हवा! चांगला सबवूफर कसा ओळखायचा?

सांगली : वरात असो की मिरवणूक, गावाकडं साऊंडवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला, "बेस किती?" पण पत्रे थरथरले, छाती धडधडली म्हणजे बेस चांगला असं नाही. ढोलावर टिपरू पडल्यावर ठोका स्पष्ट यावा आणि लगेच थांबावा, तो खरा बेस.

सबवूफर साधारण 20 ते 100 हर्ट्झचे खालचे आवाज काढतो. त्यासाठी कोनला भरपूर हवा ढकलावी लागते. कोन जागेवर थांबवायला चुंबक आणि ॲम्प्लिफायर दमदार हवेत. ॲम्प कमी पडला आणि आवाज चढवत नेला, की तो फाटतो. कॉइलही जळू शकते.

निम्मं काम पेटीचं. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घुमायलाच हवा. सबवूफरची पेटी मात्र स्वतः घुमता कामा नये. म्हणून जाड प्लायवूड आणि आतून आडव्या पट्ट्या लागतात. बंद पेटीचा ठोका नेमका येतो. भोक असलेली पेटी जास्त आवाज देते, पण माप चुकलं की एकच सूर घुमत राहतो.

घरात कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. ती भिंतींवरून परतून कुठं वाढते, कुठं गायब होते. म्हणून जागा बदलून ऐकावं.

पैसे मोजण्याआधी ओळखीचं तबल्याचं गाणं लावा. डग्ग्याची प्रत्येक थाप वेगळी कळली पाहिजे. नियमाप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. चांगला बेस कमी आवाजातही कळतो.