वणेकाठची गिरणी

मी सिंदी मेघेचा. आमच्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला वणा नदीकाठी, बन्सीलाल अबीरचंद गिरणी १८८१ साली निघाली. पाणी, कापूस, रेल्वे तिन्ही हाताशी; गाव वाढले. विदर्भातले महार जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या मालाने तो हातमाग मोडला आणि विणकर मजूर झाला. मजुरीतही जात आड आलीच. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणखाते अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला. हिंगणघाटची आजारी गिरणी १९७४ साली सरकारने घेतली. पुढे तीही बंद पडली. भांडवल दुसरीकडे जाते. भूमिहीनाने कुठे जावे? त्याची मजुरी हीच त्याची जमीन होती. म्हणून गिरणीचा इतिहास मोडलेल्या हातमागापासून लिहिला पाहिजे.